खुलासा : ‘९५ टक्के साफ’ म्हणजे पाचच सुरुंग उरले, असं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय : नौदलाच्या सॉफ्टवेअरला समुद्रातला प्रत्येक सुरुंग स्क्रीनवर दिसतो, त्यानं ‘९५ टक्के साफ’ म्हटलं की शंभरातले पाचच उरले, जहाजं निर्धास्त न्यावीत. हे चुकीचं आहे.

सुरुंग शोधतात ते सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू टिपणारं यंत्र), पाणबुडे आणि पाण्याखालचे ड्रोन. सॉफ्टवेअर फक्त शक्यतेचा हिशेब मांडतं. एका फेरीत सुरुंग सापडायची शक्यता ७० टक्के धरली, तर दोन फेऱ्यांत ती ९१ होते, तीन फेऱ्यांत ९७ च्या वर. कागदावर कुणीही पडताळून पाहावं. मुळात किती सुरुंग टाकलेत हेच ठाऊक नसतं, मग ‘शंभरातले पाच’ आले कुठून? त्यात चिखलात रुतलेला सुरुंग पहिल्या फेरीत हुकला तर बहुधा तिसरीतही हुकतो, आणि गणित मात्र आकडा चढवत राहतं. खरी मेख इथेच आहे.

सगळे सुरुंग दिसतात ते सरावाच्या सिम्युलेटरमध्ये, तेही प्रशिक्षकाला, कारण ते त्यानंच मांडलेले असतात.

‘चार जहाजं सुखरूप गेली’ हाही पुरावा नव्हे. काही सुरुंग जहाजं मोजतात आणि ठरलेला आकडा भरल्यावरच फुटतात. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्शियन आखातात इराकी सुरुंगाचा तडाखा बसलेली अमेरिकेची ‘ट्रिपोली’ तर सुरुंग हटवण्याच्या मोहिमेचंच प्रमुख जहाज होतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.