फ्लामांव्हिलला विचारलं होतं, माडबनला नाही

2025 च्या अर्थसंकल्पात 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुविजेचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि आमच्या राजापूरकडच्या नातलगांच्या ग्रुपवर जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा वाद पुन्हा पेटला. माझ्या मामेभावाची हापूसची कलमं, जिथे हा प्रकल्प व्हायचा आहे त्या माडबनच्या सड्यापासून फार लांब नाहीत. त्याचं म्हणणं, हा प्रकल्प म्हणजे दारात आणून ठेवलेला बॉम्ब. मुंबईतले चाकरमानी म्हणतात, फ्रान्समध्ये चालतं मग कोकणात का नाही? आणि साक्षीला मला ओढतात. कारण जैतापूरला ईपीआर या युरोपीय बनावटीच्या ज्या सहा अणुभट्ट्या बसवायच्या आहेत, तशी फ्रान्समधली पहिली भट्टी नॉर्मंडीत फ्लामांव्हिलला आहे आणि माझं घर तिच्यापासून वीस किलोमीटरच्या आत आहे.

मामेभावाला मी सांगते की अणुभट्टी बॉम्बसारखी फुटत नाही. युरेनियम-235 च्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की त्याचे दोन तुकडे होतात (हेच विखंडन), उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रकं फोडतात. बॉम्बसाठी हे युरेनियम 90 टक्क्यांच्या आसपास शुद्ध लागतं, भट्टीच्या इंधनात ते जेमतेम 3 ते 5 टक्के असतं. शिवाय न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे खाली सोडले की साखळी काही सेकंदांत तुटते.

पण साखळी तुटली म्हणजे भट्टी थंड झाली असं नाही. चुलीतली लाकडं ओढून काढली तरी निखारे धगधगत राहतात, तसे विखंडनातून उरलेले किरणोत्सारी पदार्थ तापत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता मूळच्या सहा-सात टक्के असते. ईपीआरच्या बाबतीत ती जवळपास 300 मेगावॉट होते. मार्च 2011 मध्ये फुकुशिमात चालू भट्ट्या भूकंपानंतर आपोआप बंदच झाल्या होत्या. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, थंड पाणी फिरवायला वीज उरली नाही, आणि इंधन वितळलं. म्हणून भीती बाळगायचीच असेल तर पंपांची आणि जनरेटरची बाळगावी, आणि प्रश्नही त्यांच्याबद्दल विचारावेत.

चाकरमान्यांना मात्र मला जास्त सांगायचंय. एक ईपीआर साधारण 4,500 मेगावॉट उष्णता निर्माण करते, त्यातून वीज होते सुमारे 1,650 मेगावॉट. उरलेली जाते समुद्रात. इथली भट्टी त्यासाठी दर सेकंदाला 60 हजार लिटरहून जास्त समुद्राचं पाणी आत घेते आणि गरम करून परत सोडते. इथे ते खपून जातं, कारण इंग्लिश खाडीचं पाणी हिवाळ्यात 10 अंशांच्या आसपास असतं आणि या किनाऱ्यावरचे भरती-ओहोटीचे प्रवाह युरोपातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी आहेत. आपला समुद्र मुळातच 28-30 अंशांचा, प्रवाह कितीतरी सौम्य. आणि तिथे एक नव्हे, सहा भट्ट्यांची मिळून 17,000 मेगावॉटच्या आसपास उष्णता ओतायची आहे. प्रकल्पाशेजारच्या साखरी नाट्याचे मच्छीमार पहिल्या दिवसापासून हेच विचारताहेत. त्यांची जमीन गेली नाही, म्हणून जमिनीच्या मोबदल्याच्या यादीत ते नव्हतेच. बांगडा सातबाऱ्यावर चढत नाही.

मध्येच भाचा लिहितो, विखंडन जाऊ दे मावशी, आता संमीलन येतंय. हायड्रोजनची केंद्रकं जोडून सूर्यासारखी ऊर्जा मिळेल हे खरं. दीर्घकाळ टिकणारा जहाल कचरा त्यात जवळजवळ नसतो, हेही खरं. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत लेझरने लक्ष्यावर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा टाकून 3.15 मिळवली गेली, पण ते लेझर चालवायला विजेच्या जाळ्यातून त्याच्या शंभरेक पट ऊर्जा घ्यावी लागली. भारत ज्यात भागीदार आहे त्या दक्षिण फ्रान्समधल्या ईटर प्रकल्पातही ड्युटेरियम-ट्रिटियम या जड हायड्रोजनचे प्रयोग आता 2039 वर गेलेत. त्याच्या भरवशावर जैतापूरचा निर्णय लावता येणार नाही.

आता फ्रान्सबद्दल. फ्लामांव्हिलच्या दिएलेत बंदराशेजारी समुद्राखाली लोखंडाची खाण होती, ती 1962 मध्ये बंद पडली. काम हवं होतं. तरीही एप्रिल 1975 मध्ये अणुकेंद्रासाठी गावाचं मतदान घेतलं गेलं आणि बहुमताने होकार आला. विरोधकही होतेच, 1977 मध्ये त्यांनी जागा अडवली. ब्रिटनी प्रांताच्या टोकाच्या प्लोगॉफ गावाने मात्र अशाच प्रकल्पाला नकार दिला. 1980 मध्ये तिथे गावकरी आठवडेच्या आठवडे रस्त्यावर होते, आणि 1981 मध्ये मित्तराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर तो प्रकल्प रद्द झाला. त्याने फ्रान्सची अणुवीज बुडाली नाही. आजही देशाची दोन-तृतीयांशाच्या आसपास वीज तिथूनच येते.

माडबनची जनसुनावणी मे 2010 मध्ये झाली, परिसरातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. नोव्हेंबरच्या अखेरीस 35 अटींसह पर्यावरण मंजुरी आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या भेटीत करारही झाला. पुढच्या एप्रिलमध्ये नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. प्लोगॉफला जे ऐकलं गेलं, ते कोकणात गोळीबारानंतरही ऐकलं गेलं नाही, याचा मला इथे बसून संताप येतो.

फ्लामांव्हिलची नवी भट्टी, म्हणजे ईपीआर, 2007 मध्ये बांधायला घेतली, 2012 मध्ये सुरू होणार होती, जाळ्याला जोडली गेली 21 डिसेंबर 2024 रोजी. खर्च 3.3 अब्ज युरोंवरून 13 अब्जांवर गेला. चाकरमान्यांनी हे आकडेही ग्रुपवर टाकावेत. पण या उशिरातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. भट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि तळाच्या पोलादात कार्बन जास्त आहे, हे सुरक्षा नियामकाने 2015 मध्ये जाहीर केलं. वाफेच्या मुख्य नळ्यांचे आठ जोड दुरुस्त करा, असं 2019 मध्ये बजावलं. आपल्याकडच्या नियामक मंडळाला तेव्हा कायद्याचं स्वतंत्र पाठबळ नव्हतं, यावर कॅगने 2012 मध्ये बोट ठेवलं होतं.

इथे प्रत्येक अणुकेंद्रासाठी स्थानिक माहिती समिती असते. त्यात निवडून आलेले लोक असतात, कामगार संघटना आणि पर्यावरणवालेही असतात. माझ्या कपाटात आयोडीनच्या गोळ्या आहेत. अपघात झालाच तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरलेली असावी, किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा मिळू नये, म्हणून. धोका आहे हे सरकार स्वतः सांगतं, म्हणून मी त्याचं बाकीचंही ऐकून घेते.

मी अणुऊर्जेच्या बाजूची आहे. कोळशाला पर्याय लागेल आणि विखंडन आज हाताशी आहे. तरी जैतापूरच्या सहा भट्ट्यांना, आजच्या रूपात, माझा विरोध आहे. आधी दोनच भट्ट्यांचा विचार करा. त्यांच्यासाठीही माडबन, मिठगवाणे, नाटे इथे गुप्त मतदान घ्या आणि नकार आला तर तो माना. आणि जैतापूरच्या खाडीच्या तोंडापासून खोल समुद्रापर्यंत पाण्याचं तापमान आणि जाळ्यात येणारी मासळी यांची नोंद आत्तापासून सुरू करा, मच्छीमार सोसायट्यांना सोबत घेऊन. दर महिन्याचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू देत. प्रकल्प झाला तर समुद्र किती बदलला हे त्याच नोंदींवरून कळेल, आणि मासळी कमी झाली तर नाट्याच्या नाखव्याच्या हातात पुरावा असेल.