पूर्ण सहमत

परवा भाचीने गुगल फॉर्म पाठवला. एमबीएचा प्रोजेक्ट. "मामा, भर ना प्लीज, नोकरीवाल्यांचं सॅम्पल कमी पडतंय." २६ प्रश्न. अर्धे नवं तंत्रज्ञान स्वीकारण्याबद्दल, अर्धे स्वतःचा धंदा काढायच्या इच्छेबद्दल. प्रत्येकापुढे पाच गोल, 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत.

'स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचा माझा पक्का निर्धार आहे.' दाबलं पूर्ण सहमत. आणि माझं मलाच हसू आलं. गेली ११ वर्षं मी या वाक्याशी पूर्ण सहमत आहे आणि रोज सकाळी त्याच गेटवर कार्ड पंच करतो आहे.

भाचीला फोन करून विचारलं, हे प्रश्न आणलेस कुठून? मग तिने दिलेलं वाचत बसलो.

तंत्रज्ञानाचे प्रश्न बरेचसे संशोधक फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९च्या मांडणीतून आलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं : माणूस नवी प्रणाली वापरेल की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, ती कामाची वाटते का आणि ती वापरायला सोपी वाटते का. त्यातही 'कामाची' हे पारडं जड. अवघड असली तरी कामाची असेल तर लोक शिकतात. नुसती सोपी, पण निरुपयोगी, अशी वस्तू कोणी हातात धरत नाही. २००३मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी (त्यात डेव्हिसही होते) यात आणखी दोन गोष्टी धरल्या : आजूबाजूच्या माणसांचं दडपण, आणि मदतीला काय नि कोण हाताशी आहे ते. वय, अनुभव, वापर सक्तीचा की स्वखुशीचा, यानेही गणित बदलतं.

हे वाचताना आमच्या स्टोअरमधले एक ज्येष्ठ सहकारी डोळ्यांसमोर आले. नवं सॉफ्टवेअर आलं, दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, तरी ते दिवसभर आवक-जावक वहीत लिहायचे आणि संध्याकाळी बसून सगळं सॉफ्टवेअरमध्ये चढवायचे. दुप्पट काम. मीटिंगमध्ये त्यांच्यावर शिक्का बसला, 'बदलाला विरोध'. मी एकदा शेजारी बसून बघितलं. हात चांगला चालत होता त्यांचा, माझ्यापेक्षा भराभर. अडचण वेगळीच होती. एकदा 'सेव्ह' केलं की आकडा दुरुस्त करायला साहेबांचा पासवर्ड लागायचा, आणि प्रत्येक दुरुस्ती नावानिशी महिन्याच्या रिपोर्टात यायची. वहीत एक काट मारली की भागत होतं. मला सांगा, यात वयाचा काय संबंध?

भाचीच्या वर्गातली मुलं नवं अॅप आलं की धडाधड बटणं दाबत सुटतात. हुशार आहेतच, पण चुकलं तर जाणार काय? फार तर मार्क. तेच बटण दाबताना नोकरदाराच्या डोक्यात वर्षअखेरचं मूल्यमापन असतं. विद्यार्थ्यांचं आणि कामगारांचं सॅम्पल शेजारी ठेवून 'तरुण पिढी तंत्रज्ञानस्नेही' असा निष्कर्ष काढतात ना, तो मला म्हणूनच पटत नाही.

आता धंद्याचे प्रश्न. त्यांच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ आइझेक आय्झेन यांचा १९९१चा सिद्धांत : आपल्याला ती गोष्ट कशी वाटते, जवळच्यांना काय वाटतं, आणि ती आपल्या हातात आहे असं वाटतं का, यावरून इरादा ठरतो. ठीक. पण इराद्यापासून कृतीपर्यंत? पास्कल शीरन यांनी २००२मध्ये अनेक विषयांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लोकांच्या वागण्यातल्या फरकांपैकी साधारण २८ टक्केच इराद्याने समजावता आले. आपल्याकडे याला चार शब्द आहेत : कळतं, पण वळत नाही.

उद्योजकतेचे अभ्यासक शापिरो आणि सोकोल यांचं १९८२चं म्हणणं मला जास्त जवळचं वाटलं. माणूस आहे त्या चाकोरीत चालत राहतो. नोकरी जाते, बदली होते, काहीतरी धक्का बसतो, तेव्हा कुठे तो दुसरी वाट बघतो. तीसुद्धा हवीशी आणि जमेलशी वाटली तरच. आणखी एक गंमत : नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला लावणाऱ्या एका उपक्रमाची तपासणी झाली, २०१०मध्ये ती छापून आली. उपक्रमानंतर मुलांची उद्योजक व्हायची इच्छा घटली होती! मला यात अपयश दिसत नाही. धंदा म्हणजे काय हे त्यांना फॉर्म न भरता कळलं.

'राजीनामा फेका, पाण्यात उडी मारा' म्हणणाऱ्यांसाठीही एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या माहितीवर रफी आणि फेंग यांनी २०१४मध्ये दाखवलं की नोकरी सांभाळून धंदा सुरू करणारे आणि मग त्यात पूर्णवेळ शिरणारे, एकदम नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी प्रमाणात बुडाले. भित्रे म्हणून हिणवतो आपण ज्यांना, ते हे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा १९७७पासून सांगत होते की 'मला जमेल' हा विश्वास सर्वात जास्त स्वतः करून पाहिल्याने येतो. करून पाहायचं म्हणजे चुकायची सोय हवी. सॉफ्टवेअर असो की दुकान, मला दोन्हीकडे गाठ इथेच दिसते. फॉर्ममध्ये मात्र 'तुम्ही चुकलात तर किती महिने घर चालेल?' हा प्रश्न नाही.

भाचीला म्हटलं, एवढा एक टाक.

"मामा, गाईड ओरडतील. प्रमाणित प्रश्नावली आहे, हात लावता येत नाही."

बरं, मग निदान माझं ते एक उत्तर तरी बदलू दे.

"नाही जमणार. एकदा सबमिट केलं की एडिट होत नाही."