पहिल्या गाडीचा भाव

आमच्या गावच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘बाजारात पहिला उतरतो तोच राजा. भाव त्यालाच, नाव त्याचंच, मागून येणाऱ्याच्या वाट्याला उष्टं.’ निफाडकडच्या निम्म्या द्राक्षवाल्यांनी त्याला अंगठा दिलाय. नवल त्याचंच वाटलं.

आधी भावाचं घेऊ. नाशिक जिल्ह्यात सटाणा, देवळा, कळवणकडे अर्ली, म्हणजे हंगामाआधीचं द्राक्ष होतं. बाकी जिल्ह्यात गोडाबार छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आगेमागे. हे लोक भर पावसाळ्यात कात्री लावतात. डिसेंबरात बाजारात दुसरा माल नसतो तेव्हा यांचा खुडा चालू असतो, आणि भाव खरंच चांगला मिळतो. इथवर मेसेज बरोबर. पण बाग फुलोऱ्यात असते तेव्हा डोक्यावर पाऊस असतो. डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, मणी गळतात. उघडीप मिळाली की रात्री-अपरात्री ट्रॅक्टर काढून औषध मारायचं, तासाभरात सर आली की ते धुऊन जातं. खर्च सगळा आधी होतो, घड हाती लागेलच असं नाही. आपण मात्र मोजतो फक्त व्यापाऱ्यापर्यंत पोचलेल्या बागा. ज्याची बाग पावसात गेली, तो कुठे भाव सांगायला येतो?

त्यात गोडी भरायच्या आत घाईने खुडलेला माल आंबट निघाला, तर गिऱ्हाईक पुढे बरेच दिवस द्राक्षाला हात लावत नाही. पहिल्याची घाई मागच्यांनाही भोवते.

आता ‘उष्टं’. नारायणगावच्या शातो इंडाज कंपनीने १९८०च्या दशकात वाइन काढली. आपल्याकडे द्राक्षाची चांगली वाइन होते, हे पटवून देण्यात त्यांची वर्षं गेली. नाशिकच्या सुलाची पहिली बाटली आली २००० साली, आणि २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. आयतं म्हणा हवं तर. पुढे इंडाज कर्जात बुडाली आणि सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. खरं सांगायचं तर इंडाज पहिली होती म्हणून बुडाली नाही, परदेशात कंपन्या घेत सुटली म्हणून बुडाली. पण पहिलेपणाने तिला वाचवलंही नाही. उलट २००५ साली गंगापूर धरणाजवळ वायनरीतच बसून वाइन चाखायची सोय करण्यात सुला पहिली होती, आणि तो पहिलेपणा तिला फळला. तोवर वाइन म्हणजे काय हे लोकांना सांगत बसावं लागत नव्हतं.

नावाचं म्हणाल, तर नाशकात गल्लोगल्ली पाटीवर ‘झेरॉक्स’ लिहिलेलं असतं. आत डोकावून बघा, मशीन बहुधा कॅननचं नाहीतर रिकोचं. नाव पहिल्या कंपनीचं, धंदा मागून आलेल्यांचा.

आकडाच हवा असेल तर पीटर गोल्डर आणि जेरार्ड टेलिस या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी १९९३ साली सुमारे ५० प्रकारच्या मालाचा जुना इतिहास तपासला होता. आज टिकून असलेल्यांना विचारून नव्हे, त्या-त्या काळच्या बातम्या चाळून. पहिल्यांदा उतरलेल्यांपैकी ४७ टक्के बंद पडले होते.

आणि हो, तो मेसेज ग्रुपवर टाकणारे आमचे आप्पा. त्यांची स्वतःची छाटणी दरवर्षी दसऱ्यानंतर, सगळ्या गावाची उरकल्यावर.