पाणी नियमित आणि पुरेसं येतं का?

गोव्यात सर्वेक्षणाची प्रश्नावली बऱ्याचदा मराठीत किंवा इंग्रजीत छापली जाते आणि दारात मात्र कोंकणीतून विचारली जाते. ते भाषांतर गणक, म्हणजे घरोघर जाऊन प्रश्न विचारणारा, तिथल्या तिथे, आपापल्या परीने करतो. त्यामुळे कागदावर एक प्रश्न असतो आणि वीस गणक वीस प्रश्न विचारून येतात. मग आकडेवारीला दोष द्यायचा!

वरचाच प्रश्न घ्या. रोज येतं पण दोन कळशाच मिळतात, त्या घराने हो म्हणायचं की नाही? ‘नियमित’ म्हणजे कुणाला रोज, कुणाला दिवसाआड पण ठरल्या वेळी. बरं, ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस नळाला पाणी आलं?’ असं केलं तरी भागत नाही. वर टाकी असली की स्वयंपाकघरातला नळ सातही दिवस वाहतो, मग ती टाकी टँकरने भरलेली असो की विहिरीच्या पंपाने. म्हणून ‘मीटरच्या नळाला’ असं विचारा. किती तास, टँकर मागवला का, हे प्रश्न वेगळे.

‘घरात माणसं किती?’ हाही साधा नाही. मुलगा तारवटी, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. आई त्याला मोजणारच. कोणाला धरायचं (एका चुलीवर जेवणारे, गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस इथे राहिलेले) हे प्रश्नाच्या आधी वाचून दाखवावं. तळटीप दारात कोणी वाचत नाही.

‘तुमची भाषा कोणती?’ हा तर इथे कोंकणी-मराठी वादच. घरात कोंकणी, पेपर मराठी, पोरांची शाळा इंग्रजी. तिन्ही स्वतंत्र विचारा, नाहीतर माणूस आपला पक्ष सांगतो, भाषा नाही.

पर्यायांचंही तसंच. गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलात फूल किंवा दोन पानं, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा संघप्रदेश (केंद्रशासित) राहणं, एवढंच होतं. घटक राज्य हा पर्याय कागदावर नव्हता. ते १९८७ साली झालं. कौलाला दोन खुणा चालतात, सर्वेक्षणाला चालत नाहीत.

तपासायचं कसं? पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, ‘मी काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा.’ उत्तर बरोबर आलं की नाही ते सोडा, ते कुठे अडखळले ते टिपा. मग तीस घरांत चाचणी. प्रश्न पुन्हा वाचावा लागला की समासात एक रेघ. पाच रेघा झाल्या की तो मोडून नव्याने लिहावा आणि नव्या माणसांवर तपासावा, कारण जुन्यांना तुम्हाला काय हवंय ते कळलेलं असतं. कोंकणी वाक्यही छापूनच द्या, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जाणाऱ्या गणकाला रोमी, म्हणजे रोमन लिपीत.