तिचा चेंडू तिला परत दे

आज भाचीचा चेंडू कपाटावर गेला. ठेवला कुणी, तर तिच्या बापाने, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने. पोरगी भिंतीवर चेंडू आपटत मूलद्रव्यं पाठ करत होती. एक टप्पा, हायड्रोजन. दुसरा टप्पा, हेलिअम. लिथिअम, बेरिलिअम, बोरॉन... बाराव्या टप्प्याला मॅग्नेशिअमवर पोचली आणि दादा आत आला. "हा काय अभ्यास आहे? गप एका जागी बस आणि वाच!"

बसली बिचारी. तासाभराने डोकावले तर तेच पान उघडं, सगळं हायलायटरने पिवळंधमक, आणि ही खिडकीबाहेर बघतेय. झाला अभ्यास!

संताप संताप झालाय माझा. कारण हेच मी भोगलंय.

शाळेत रक्ताभिसरण काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. मग मी घरालाच हृदय केलं. शरीरभरचं रक्त पुढच्या दारातून बाहेरच्या खोलीत यायचं, ती उजवी कर्णिका, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा. मधली खोली उजवी जवनिका, म्हणजे खालचा कप्पा. तिथून गॅलरीत, म्हणजे फुप्फुसात, प्राणवायू घ्यायला. परत आत आलं की झोपायची खोली, डावी कर्णिका. मग स्वयंपाकघर, डावी जवनिका, आणि मागच्या दाराने पुन्हा शरीरभर. कर्णिका आणि जवनिका यांच्यामधला उंबरठा म्हणजे झडप. तो ओलांडला की मागे फिरायचं नाही, असा माझा नियम होता. मोठ्याने बोलत दहा फेऱ्या मारल्या. अकराव्या फेरीला बाबांनी दंड धरून खुर्चीत बसवलं. "अभ्यास पायांनी करतात का?"

हो बाबा, मी पायांनीच करत होते!

आता कुणीतरी सांगायला येईलच, म्हणून आधीच लिहिते. अमका डोळ्यांनी शिकतो, तमका कानांनी, असे गट पाडून शिकवलं तर जास्त कळतं याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी जुने अभ्यास तपासून लिहिलंय. मान्य. मला कुणाच्या कपाळावर शिक्का मारायचाच नाहीये. आणि गणित घरभर हिंडून सुटत नाही, त्याला वही घेऊन बसावंच लागतं, हेही मान्य.

पण त्या फेऱ्या मारताना माझ्या हातात पुस्तक नव्हतं, हे कुणी पाहिलं का? एकेक खोली आठवून बोलत होते मी. अडले की पुस्तक बघायचं, पुन्हा दारापासून सुरुवात. आठवायला लागतं तेव्हाच डोक्यात पक्कं बसतं, आणि हे सगळ्यांनाच लागू आहे. नुसतं पान रंगवून आपल्याला येतंय असं वाटतं, येत काहीच नाही. त्या आठवण्याला कोण कशाच्या बळावर चिकटून राहतं, ते मात्र ज्याचं त्याचं. माझी मैत्रीण धाकट्या भावाला समोर बसवून शिकवायची. भाचीला चेंडू लागतो.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून आपण किती दिवसांत किती विसरतो ते मोजलं. १८८५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. प्रयोग कुणावर? स्वतःवर! मग पोरांना स्वतःचं डोकं स्वतः तपासू द्यायला आपल्याला एवढं जड का जातं? आज चेंडू घेऊन पाठ कर, उद्या बसून कर, परवा कोरा कागद घे आणि काय उरलंय ते लिही. एवढंच तर करायचंय.

परीक्षेत रक्ताभिसरणाचा प्रश्न आला. डोळे मिटले आणि बाकाखाली माझे पाय चालायला लागले. बाहेरची खोली, मधली खोली, गॅलरी... पर्यवेक्षक बाई येऊन म्हणाल्या, "पाय हलवू नकोस." तेव्हा मी स्वयंपाकघरात पोचले होते. उत्तर पूर्ण लिहिलं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. बाबांना तरी कुणी हिंडू दिलं असेल? त्यांनाही असंच दंड धरून बसवलं असणार. काळजीपोटीच केलं त्यांनी. तूही काळजीपोटीच करतोस दादा, कळतं मला.

तू बाहेर गेलास तेव्हा मी चेंडू खाली काढला. विसाव्या टप्प्याला कॅल्शिअम आलं, एकदाही पुस्तक न बघता. मग तिने मला विचारलं, "आत्या, बाबा आले की दाखवू त्यांना?"

घरी आलास की पाच मिनिटं तिच्यासमोर उभा राहा.