शब्दांना फक्त ७ टक्के? तो प्रयोग आधी बघा तरी

"संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, त्यामुळे काय बोलता यापेक्षा कसं बोलता ते बघा." हे ग्राफिक परत सगळीकडे फिरतंय. मी मुलांकडून भाषणाची तयारी करून घेते, आणि हे वाचून आलेली मुलं मुद्दे सोडून हातवारे घोटत बसतात, म्हणून एवढं लिहितेय.

"सिद्ध झालंय" म्हणजे नेमकं काय? आकडे आहेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे, १९६७ चे दोन छोटे प्रयोग. एकात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले. दुसऱ्यात 'कदाचित' अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द, 'मेबी', तीन सुरांत रेकॉर्ड केला, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. आता हा शब्द निवडलाच होता कारण त्यात ना आवड ना नावड, मग त्याच्याकडून भावना कळणार कशी? शब्दाला आधीच रिकामं करून ठेवलं आणि नंतर म्हणायचं बघा, शब्दात काही नसतं! शिवाय शब्द, सूर, चेहरा हे तिन्ही एकत्र तपासलेच नव्हते, दोन प्रयोगांची उत्तरं जोडून ७-३८-५५ तयार झालं.

"सगळ्या संवादाला लागू." अजिबात नाही. हे फक्त आवड-नावड आणि भावनांपुरतं आहे असं मेहराबियन स्वतःच सांगत आलेत. औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं हे चेहऱ्यावरून कळत नाही.

मुळात टक्क्यांची वाटणीच मला पटत नाही. "वा, छान केलंस" हे कुणी चिडून म्हटलं तर टोमणा कळतो तो शब्द आणि सूर एकमेकांच्या उलट जातात म्हणूनच, त्यातला शब्द काढून घ्या, टोमणाच उरत नाही. आणि हात-चेहरा म्हणजे शब्दांशिवायचं, हेही चूक. कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेत शब्द हातांनी आणि चेहऱ्यानेच होतात, तिला स्वतःची रचना असते हे अमेरिकन भाषा-अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्येच दाखवलं होतं.

शेवटचा मुद्दा, "प्राचीन वक्तेही हेच सांगायचे." प्राचीन ग्रीक वक्ता डेमोस्थेनीसला विचारलं वक्तृत्वात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर तो तीनदा म्हणाला सादरीकरण, ही गोष्ट रोमन वक्ता सिसेरो सांगतो, बरोबर आहे. पण त्याच सिसेरोच्या परंपरेत वक्तृत्वाची पाच अंगं आहेत, मुद्दे शोधणं, त्यांची मांडणी, भाषा, स्मरण आणि मग सादरीकरण, म्हणजे पाचातलं एक. आणि डेमोस्थेनीसचा आवाज आज कुणाकडे आहे? मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्धचं त्याचं पहिलं भाषण इ.स.पू. ३५१ चं, ते अजून अभ्यासलं जातं ते नुसतं कागदावरच्या शब्दांवर.