‘फ्लूनं कोणी मेलंच नाही’ म्हणे!

थंडी पडली की नागपुरातल्या आमच्या मनीषनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: 1918 च्या साथीत लोक फ्लूनं मेलेच नाहीत, मास्कमुळे झालेल्या बॅक्टेरियाच्या न्यूमोनियानं मेले, खुद्द अमेरिकेच्या साथरोगतज्ज्ञ फाउचींनी 2008 मध्ये हे लिहून ठेवलंय. कोरोनातही व्हायरस नुसता निमित्त होता, मारलं व्हेंटिलेटरनं. पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक दिलं असतं तर सगळे वाचले असते. खाली हात जोडलेले चार इमोजी.

मी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये कल्चरच्या, म्हणजे नमुन्यांतले जंतू वाढवून ओळखायच्या टेबलावर काम करते. फुफ्फुसातले जंतू हे माझे रोजचे सोयरे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी खरं काय ते मान्य करते. 2008 चा तो पेपर आहे, आणि फाउची त्याच्या तीन लेखकांपैकी एक आहेत. 1918 मध्ये दगावलेल्या 58 जणांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे त्यांनी तपासले, शिवाय आठ हजारांहून जास्त शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदी चाळल्या. बहुतेक मृत्यूंत फ्लूच्या पाठोपाठ बॅक्टेरियाचा न्यूमोनिया झालेला होता, हा त्याचा निष्कर्ष. त्यात मास्कला दोष कुठेच दिलेला नाही. सापडलेले जंतूही न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफ असे, म्हणजे धडधाकट माणसाच्याही नाका-घशात मुक्काम ठोकणारे. आणि मास्कचंच म्हणाल, तर 1918 मध्ये आपलं नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होतं, तो हिंदुस्थानातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक. पाऊस दगा देऊन गेलेला, गावंच्या गावं अंथरुणाला खिळलेली. त्या खेड्यांत मास्क कोणी बांधला होता, राजेहो?

‘फ्लू नव्हे, बॅक्टेरिया’ ही जोडीच मुळात चुकीची. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते दिवसरात्र कफ आणि त्यात अडकलेले जंतू वर घशाकडे लोटत असतात. फ्लूचा विषाणू नेमकं हेच अस्तर सोलून काढतो. जंतू गिळणाऱ्या पेशीही त्या काळात ढिल्या पडतात. मग घशात गुपचूप बसलेला न्यूमोकोकस खाली सरकतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. पण तेरावा महिना आला म्हणून दुष्काळ पडलाच नव्हता, असं कोणी म्हणतं का?

बरं, दर वेळी बॅक्टेरिया लागतोच असंही नाही. 2009 च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेत दगावलेल्या 77 जणांच्या फुफ्फुसांचे नमुने तपासले, तेव्हा 22 जणांत बॅक्टेरिया सापडले. उरलेल्या 55 जणांच्या नमुन्यांत त्यांचा पुरावा मिळाला नाही.

आता व्हेंटिलेटर. इथे मेसेजवाल्याच्या हाती अर्धं सत्य लागलंय, आणि अर्धं सत्य निस्तरायला जास्त वेळ लागतो. घशात नळी असली की माणसाला धड खोकता येत नाही, नळीवर जंतूंचा चिकट थर बसतो. नळी टाकल्यावर 48 तासांनंतर झालेला न्यूमोनिया व्हेंटिलेटरचा धरतात. 2023 मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं, की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना असा न्यूमोनिया झाला, आणि ज्यांचा तो बरा झाला नाही त्यांच्यात मृत्यू जास्त. पण हे रुग्ण नळीपर्यंत पोचले कशामुळे? विषाणूनं फुफ्फुसं भरली, ऑक्सिजन उतरला, म्हणूनच ना?

एप्रिल 2021 मध्ये आमच्याकडे नळीतून ओढलेल्या स्रावाच्या डब्या ट्रे भरभरून यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडलं की मॅकॉन्की प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीवर) क्लेब्सिएला या जंतूच्या गुलाबी, बुळबुळीत वसाहती. कधी लूप (तारेचं बारीक कडं) लावून उचलला तर एकतारी पाकासारखी तार निघायची. कोणतं औषध लागू पडतं ते पाहायच्या सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती मोकळं कडं दिसायला हवं. मेरोपेनेमसारख्या भारी औषधाच्या चकतीलाही जंतू खुशाल चिकटून वाढलेले मी पाहिलेत. मग डॉक्टरांच्या हाती कोलिस्टिनसारखं, मूत्रपिंडाला त्रास देणारं एखादं औषध उरतं. हे जंतू एका रात्रीत निगरगट्ट झालेले नाहीत. वर्षानुवर्षं आपण सर्दीलाही अँटिबायोटिक खातो, त्यातून ते तयार झालेत.

म्हणूनच मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. अँटिबायोटिक दिलंच नाही, हे तर सरळ खोटं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये सांगितलं, की इस्पितळात भरती झालेल्या कोविड रुग्णांपैकी साधारण 8 टक्क्यांना बॅक्टेरियाचा संसर्ग होता आणि अँटिबायोटिक मिळालं सुमारे 75 टक्क्यांना. सरसकट दिलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनचा उपयोग होतो का, हे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत हजारो रुग्णांवर तपासलं. मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय आयसीयूतल्या क्लेब्सिएला किंवा तसल्याच निगरगट्ट अ‍ॅसिनेटोबॅक्टरला तुमची पहिल्या दिवशीची अ‍ॅझिथ्रो म्हणजे हत्तीला मुंगी चावल्यासारखं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका परवा अँटिबायोटिकच्या पाच गोळ्यांची स्ट्रिप घेऊन दारात आले. दोन घेऊन झाल्या होत्या. तीन दिवसांची सर्दी, ताप नाही, मेडिकल स्टोअरवाल्यानं चिठ्ठीविना दिलेली. “काय गं पोरी, उरलेल्या घेऊ की नको?”

म्हटलं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी लॅबवाली. पण एक ध्यानात ठेवा: फ्लू उतरल्यासारखा वाटून चार-पाच दिवसांनी पुन्हा ताप चढला, पिवळा-हिरवा किंवा गंजाच्या रंगाचा कफ पडायला लागला, धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाठोपाठचा न्यूमोनिया असाच येतो, आणि तेव्हा योग्य अँटिबायोटिक खरंच जीव वाचवतं. तुमचं वय सत्तरच्या पुढे, साखरही आहे. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस घेतली का?

काकांनी मोबाइल काढला, मेसेज वर-खाली करून पाहिला.

“यात लसीचं तं काहीच लिहिलं नाही बाप्पा.”